कृषी विद्यापीठांतील किरणोत्सर्गी साहित्य व त्याची राखण

गेल्या उन्हाळ्यात रत्नागिरी तालुक्यातील आंबा बागायतदारांच्या एका बैठकीस जाण्याचा योग आला. फवारणीचे वेळापत्रक, फळमाशीचे सापळे, पेटीचे भाव अशी नेहमीची चर्चा आटोपल्यावर एक वयोवृद्ध बागायतदार उठून म्हणाले, "साहेब, अमेरिकेला जाणाऱ्या हापूसला किरण देतात म्हणे. तो आंबा खाल्ला, तर ते किरण पोटात जातात काय?"

प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर सोपे होते. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे २००२ साली भाभा अणुसंशोधन केंद्राने विकिरण केंद्र उभारले. कांद्यास कोंब येऊ नयेत हा त्याचा मूळ हेतू. पुढे २००७ साली याच केंद्रातून प्रक्रिया होऊन आपला हापूस अमेरिकेस गेला. आंब्याच्या कोयीत दडून बसणाऱ्या किडीपर्यंत कोणतीही फवारणी पोहोचत नाही. कोबाल्ट-६० या धातूतून निघणारे गॅमा किरण मात्र कोय भेदून जातात. त्यासाठी किमान ४०० ग्रे इतकी मात्रा द्यावी लागते. किरण फळातून आरपार जातात, फळात साठून राहत नाहीत. उन्हात वाळविलेले आमसूल रात्री उजेड देत नाही, तसेच हे आहे, असे मी सांगितले. सभेत हशा पिकला आणि विषय संपला, असे मला वाटले.

परंतु ते गृहस्थ खाली बसले नाहीत. त्यांनी पुढे विचारले, "आंबा निर्धोक आहे, हे पटले. पण ज्या वस्तूतून हे किरण निघतात, ती वस्तू कोण सांभाळतो?"

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी मला नीट देता आले नाही. ते येथे देण्याचा प्रयत्न करीत आहे. किरणोत्सर्ग हा शब्द उच्चारताच आपल्या जिल्ह्यात जैतापूरचा विषय निघतो. या लेखाचा त्याच्याशी संबंध नाही. येथे विचार करावयाचा आहे तो विद्यापीठे व महाविद्यालये यांच्या आवारात, प्रयोगशाळेच्या कपाटात किंवा प्रक्षेत्रावरील कोठीत असणाऱ्या लहानसहान किरणोत्सर्गी साहित्याचा. मोठ्या विकिरण केंद्राभोवती भिंती, कुलपे, पहारा आणि प्रशिक्षित माणसे असतात. लहान साहित्याची राखण पुष्कळदा एखाद्या प्राध्यापकाच्या स्मरणशक्तीवरच अवलंबून असते.

शेतीच्या शास्त्राशी किरणोत्सर्गाचा संबंध तरी काय, अशी शंका कोणासही येईल. तो संबंध बराच जुना व उपकारक आहे. तुर्भे येथे बियाण्यास किरण देऊन त्यातून निवड केलेले भुईमुगाचे अनेक वाण आज शेतात आहेत. अकोल्याच्या विद्यापीठाच्या सहकार्याने आलेला टीएजी-२४ सर्वांच्या परिचयाचा आहे, आणि टीकेजी-१९ए या वाणाच्या नावातील दुसरे अक्षर तर आपल्या कोकणाचेच आहे. दुसरा उपयोग खतांच्या अभ्यासाचा. स्फुरदाचा एक किरणोत्सर्गी प्रकार आहे. त्यास फॉस्फरस-३२ असे म्हणतात. तो जमिनीत विशिष्ट खोलीवर व खोडापासून विशिष्ट अंतरावर घालावयाचा आणि काही दिवसांनी पानांत किती उतरला हे मोजावयाचे, म्हणजे झाडाची कोणती मुळे प्रत्यक्ष अन्न घेत आहेत हे कळून येते. आंबा व नारळ यांच्या मुळांची चौकशी आपल्या देशात या रीतीने झालेली आहे. आळे बुंध्याशी न करता बाहेरच्या घेराशी करावे, असे आम्ही सांगतो, त्यास असल्या प्रयोगांचाही आधार आहे.

तिसरा उपयोग ओलावा मोजण्याचा, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे. न्यूट्रॉन ओलावामापक या उपकरणात अमेरिशियम व बेरिलियम यांची एक लहानशी सीलबंद कुपी असते. जमिनीत ॲल्युमिनियमची नळी उभी पुरून तीतून हे उपकरण खाली सोडतात. कुपीतून वेगाने निघणारे न्यूट्रॉन कण मातीतील पाण्याशी आदळून मंद होतात. मंद झालेल्या कणांची मोजणी केली की कोणत्या थरात किती ओल आहे हे माती न उकरता समजते. पिकाच्या पाण्याच्या पाळ्या ठरविण्याच्या संशोधनात या उपकरणाचा मोठा उपयोग झाला. पुढे नवी, किरणोत्सर्गविरहित उपकरणे आली आणि ही जुनी उपकरणे मागे पडली. मागे पडली म्हणजे निर्जीव झाली, असे मात्र नव्हे.

येथे माझ्या विद्यार्थिदशेतील एक अनुभव सांगणे अप्रस्तुत होणार नाही. ज्या संस्थेत मी पदव्युत्तर शिक्षण घेत होतो, तेथे मृदाशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक जाडजूड पेटी होती. प्रक्षेत्रावर काम करणारे एक वयस्क मजूर, ज्यांना आम्ही सर्वजण तात्या म्हणत असू, दुपारी त्या पेटीवर बसून भाकरी खात. पेटीवर पूर्वी एक पिवळा कागद चिकटविलेला होता. कसर लागून त्याचा निम्मा भाग गेला होता. उरलेल्या भागावरील चिन्ह पंख्याच्या पात्यासारखे दिसे. ती पेटी ओलावामापकाची होती.

एके दिवशी नव्याने रुजू झालेल्या एका अध्यापकांनी ते चिन्ह ओळखले आणि चौकशी सुरू झाली. बाहेरून तज्ज्ञ आले. त्यांनी मापक फिरवून पाहिले, पेटी कापसाच्या बोळ्याने पुसून बोळा तपासला. कुपी गळत नव्हती, कवच शाबूत होते, आणि तात्यांच्या प्रकृतीस धोका पोहोचेल इतकी मात्रा त्यांना मिळाली नव्हती. सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात तज्ज्ञांनी जुनी नोंदवही मागितली. तीत एक नव्हे, दोन ओलावामापके नोंदलेली होती.

दुसऱ्या उपकरणाचा शोध सुमारे तीन आठवडे चालला. ते वापरणारे शास्त्रज्ञ सेवानिवृत्त झाले होते, त्यांच्या हाताखालचे सहायक बदलून गेले होते. अखेर ते सापडले अवजारांच्या कोठीत, फाटक्या गोणपाटाखाली, मोडक्या पायपंपांच्या व फवारणी पंपांच्या ढिगात. पावसात भिजू नये म्हणून कोणीतरी सद्हेतूने ते तेथे नेऊन ठेवले असावे. लांबट नळकांडे, त्यास जोडलेली केबल आणि खाली जड पेटी. कोठीरक्षकाने त्यास पंप समजावे यात नवल नव्हते. निर्लेखनाच्या यादीत त्याची नोंदही झाली होती : "जुना पंप, १ नग, निरुपयोगी". लिलाव पुढच्या महिन्यात होता.

त्या दिवशी तात्या एवढेच म्हणाले, "मला कुणी सांगितलं असतं, तर मी कशाला बसलो असतो?" तेथे जमलेल्या पदवीधरांपैकी कोणासही यावर बोलता आले नाही. मीही त्यांत होतो. मी ते चिन्ह वर्षभर पाहत होतो आणि ते कशाचे आहे हे पुस्तकात वाचलेले असूनही कधी विचारले नव्हते.

तो लिलाव झाला असता तर काय घडले असते, याची कल्पना करण्याची गरज नाही. दिल्लीत ते घडलेले आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९६८ च्या सुमारास कॅनडाहून आणलेले गॅमा किरणांचे एक यंत्र होते. त्यात कोबाल्ट-६० च्या कांड्या होत्या. १९८५ च्या सुमारास त्याचा वापर थांबला. यंत्र जागच्या जागी राहिले, त्याची माहिती असणारी माणसे एकेक करून गेली, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये इतर जुन्या साहित्याबरोबर त्याचा लिलाव झाला. ते मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचले. शिसे मोलाचे असते, म्हणून कामगारांनी कवच उकलले. कांड्या बाहेर आल्या, काहींचे तुकडे झाले, ते हातोहाती फिरले. एकाने तर चकाकणारा तुकडा पैशाच्या पाकिटात ठेवला. कातडी काळवंडणे, केस गळणे, ओकाऱ्या, अशी लक्षणे दिसू लागल्यावरही प्रथम कारण उमगेना. ७ एप्रिल २०१० रोजी अणुऊर्जा नियामक मंडळास वर्दी गेली, तेव्हा शोध सुरू झाला. अनेकांना गंभीर इजा झाली होती. एक कामगार त्याच महिनाअखेर मरण पावला. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर या घटनेस सातपैकी चौथ्या पातळीचा अपघात मानण्यात आले.

या घटनेतील एक हिशेब लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. प्रत्येक किरणोत्सर्गी द्रव्याचे एक अर्धायुष्य असते. तेवढ्या काळात त्याचा जोर निम्मा होतो. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य सुमारे सव्वापाच वर्षे. बेचाळीस वर्षांत ते आठ वेळा निम्मे झाले, म्हणजे मूळ जोराचा सुमारे अडीचशेवा भाग उरला. या अडीचशेव्या भागाने माणूस मारला. "जुने झाले आहे, आता त्यात काय राहिले असेल", हे वाक्य आपण कीटकनाशकाच्या जुन्या डब्याविषयीही ऐकतो. येथे ते बोलण्यापूर्वी द्रव्याचे नाव विचारावे.

कारण द्रव्याद्रव्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. फॉस्फरस-३२ चे अर्धायुष्य केवळ चौदा दिवसांचे. गरवे भात पेरणीपासून कापणीपर्यंत जितके दिवस घेते, तितक्या दिवसांत ते सुमारे एक-हजारांश उरते. म्हणून प्रयोगशाळेतील असला कचरा वेगळ्या, कुलूपबंद जागी ठेवून त्याचा जोर ओसरू देतात आणि मोजणी करून मगच त्याची विल्हेवाट लावतात. ज्या झाडांना हे द्रव्य दिले त्या वाफ्यास मात्र त्या मुदतीत कुंपण व फलक हवाच, आणि तेथील पाला गुरांस घालणे वर्ज्य. आपल्याकडे भात कापून झाले की गुरे मोकळी सोडण्याची चाल आहे. विद्यापीठाच्या कुंपणास खिंडार असेल तर गुरांना फलक वाचता येत नाही. याउलट ओलावामापकातील अमेरिशियमचे अर्धायुष्य ४३२ वर्षांचे. शिवराज्याभिषेकाच्या वर्षी, १६७४ साली, अशी कुपी बनविली असती, तर आजही तिचा निम्म्याहून अधिक जोर शिल्लक असता. कुपी फुटून त्याची पूड श्वासावाटे शरीरात गेली तर ती हाडांत व यकृतात ठाण मांडून बसते.

आता आवारातील राखण कशी असावयास पाहिजे, ते पाहू. आपल्या देशात यावर देखरेख करणारे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झाले. त्याच्या परवानगीवाचून कोणत्याही संस्थेने किरणोत्सर्गी साहित्य घ्यावयाचे नाही, हलवावयाचे नाही व टाकून द्यावयाचे नाही. संस्थेत किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी नेमलेला असावा लागतो; साहित्याची यादी, मोजणी, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण ही त्याची कामे. किरणोत्सर्गाशी संबंधित काम करणारांच्या छातीवर एक लहान बिल्ला असतो. तो मिळालेल्या मात्रेची नोंद ठेवतो आणि ठराविक मुदतीने तपासणीस जातो. अशा कर्मचाऱ्यास वर्षाला सरासरी २० मिलिसीव्हर्ट ही मर्यादा आहे. इतर जनतेस १ मिलिसीव्हर्ट. तुलनेसाठी सांगावयाचे तर माती, दगड, आकाश यांपासून निसर्गतःच माणसास जगात सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात. एक मिलिसीव्हर्टची मर्यादा आहे ती यावर पडणाऱ्या भरीची. गर्भवती स्त्री-कर्मचाऱ्याने आपली अवस्था लवकर कळवावी, म्हणजे तिला निराळे काम देता येते. बिल्ला टेबलाच्या खणात ठेवून काम करणारे व तपासणीच्या दिवशी तो लावणारे महाभाग मी पाहिले आहेत. बिल्ला रक्षण करीत नाही, हिशेब ठेवतो; पण तो खणात राहिला तर हिशेब खणाचा होतो.

प्रत्यक्ष रक्षण होते ते वेळ, अंतर व आडोसा या तीन गोष्टींनी. जवळ थांबण्याचा वेळ निम्मा केला की मात्रा निम्मी. लहान उगमापासूनचे अंतर दुप्पट केले की मात्रा चौथाई, तिप्पट केले की नववा हिस्सा. म्हणून एक हात मागे सरकणे हा पुष्कळदा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. कोबाल्टचे किरण सुमारे सव्वा सेंटिमीटर जाडीच्या शिशाने निम्मे होतात. न्यूट्रॉन कणांस मात्र शिसे फारसे अडवीत नाही. त्यांस मेण, पाणी, प्लॅस्टिक असे पदार्थ लागतात. ओलावामापकाची पेटी जाडजूड असते ती यामुळे.

ही सर्व व्यवस्था कागदावर चोख आहे. माझ्या मते उणीव राहते ती माणसे बदलण्याच्या क्षणी. आमच्या खात्यात कोणीही निवृत्त झाला की त्याच्याकडून ग्रंथालयाची पुस्तके, घराची किल्ली, आगाऊ रक्कम, यांचा ना-देय दाखला मागितला जातो. विद्यापीठांनी त्याच दाखल्यात "माझ्या ताब्यात असलेले किरणोत्सर्गी साहित्य अमुक व्यक्तीस समक्ष दाखवून सुपूर्द केले" अशी एक ओळ घालावी, आणि निर्लेखनाच्या प्रत्येक यादीवर सुरक्षा अधिकाऱ्याची सही असल्यावाचून लिलाव करू नये. याला पैसा लागत नाही. वापर संपलेले साहित्य कपाटात जपून ठेवण्यापेक्षा नियामक मंडळाच्या परवानगीने मूळ पुरवठादाराकडे किंवा नेमून दिलेल्या ठिकाणी परत धाडणे केव्हाही श्रेयस्कर. "पुढे उपयोगी पडेल" या सबबीवर आपण घरी मोडकी मोट ठेवतो; कोबाल्टच्या बाबतीत ही काटकसर नव्हे.

ग्रामसेवक व शेतकरी बंधूंना या सर्वांशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. विद्यापीठांच्या व संशोधन केंद्रांच्या प्रक्षेत्रावर राबणारे हात आसपासच्या वाड्यांतील असतात. लिलावात मोडीत निघालेले साहित्य विकत घेणारेही पुष्कळदा तालुक्याच्या गावचे असतात. आणि भंगार फार लांब जाते. २००८ साली फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० आढळले. माग काढता ते पोलाद रायगड जिल्ह्यातील खोपोलीच्या एका भट्टीत ओतलेले निघाले. भंगारात मिसळलेला एखादा उगम भट्टीत वितळला की असे होते. घाटाखालची ही भट्टी आपल्यापासून फार दूर नाही.

म्हणून प्रक्षेत्रावर कामास जाणाऱ्या मजुरांनी निःसंकोचपणे विचारावे : या वाफ्यात काय घातले आहे, या पेटीत काय आहे, या कोठीला कुलूप का आहे. विचारणारा मजूर अडाणी ठरत नाही. ग्रामसेवकांनी किरणोत्सर्गाचे चिन्ह एकदा तरी शाळेच्या फळ्यावर काढून दाखवावे : पिवळ्या पार्श्वभूमीवर मध्ये एक ठिपका व भोवती तीन पाती. ते पाहून लोकांना पंखा आठवतो, ही अडचण जगभर अनुभवास आल्याने २००७ साली अधिक धोकादायक साहित्यासाठी जोडीला दुसरे चिन्ह आणले गेले. त्यात लाल त्रिकोणात किरण, कवटी व पळणारा मनुष्य दाखविला आहे. ते कोणासही समजावे. मात्र जुन्या साहित्यावर ते असण्याचा संभव कमी.

भंगारात आकाराच्या मानाने फारच जड अशी वस्तू, शिशाचे बंद भांडे, अथवा वरील चिन्ह असलेली पेटी दिसली तर ती फोडू नये, कापू नये, हातात घेऊन दाखवू नये. लोकांस दूर करावे. हात लागला असल्यास साबणाने धुवावेत व तोपर्यंत काही खाऊ नये. पोलिसांना ११२ क्रमांकावर कळवावे. तहसील व जिल्हाधिकारी कार्यालयाचा आपत्ती व्यवस्थापन कक्ष पुढे नियामक मंडळाशी संपर्क साधू शकतो. दवाखान्यातील जुने क्ष-किरण यंत्र मात्र वीज बंद असताना किरण सोडीत नाही. त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.

आणि भंगाराचे काम करणाऱ्या कोणास आगीशी संबंध न येता भाजल्यासारखे फोड आले, ओकाऱ्या होऊ लागल्या, मूठभर केस गळू लागले, तर डॉक्टरांस केवळ लक्षणे सांगून थांबू नये. गेल्या महिन्याभरात कोणती वस्तू उकलली, ती कोठून आली व तिचे तुकडे कोणाकोणाकडे गेले, हेही सांगावे.

— कृषी अधिकारी, रत्नागिरी